कमळाबाईचा उजवा हात

कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रेलर घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरांना रोडपालीची कमळाबाईची खानावळ ठाऊक आहे. चाळीतल्या खालच्या दोन खोल्या, बाहेर पत्र्याची शेड, चार बाकं. तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी आणि मिळेल त्या मच्छीचं कालवण. कमळाबाई एका बैठकीत साठ-सत्तर भाकऱ्या थापायची. तळवे एवढे निबर झाले होते की उलथणं तिला लागतच नसे.

नवरा डंपरवर होता. जासईजवळ उभा डंपर मागे आला आणि तो त्याखाली गेला, तेव्हा मुलगी मनस्वी सहा वर्षांची होती. त्यानंतर कमळाबाईने खानावळ काढली. एकटी बाई आणि गिऱ्हाईक सगळं पुरुषांचं. पहिल्याच वर्षी एका ड्रायव्हरने दारूच्या नशेत तिचा पदर ओढला. तिने पिठाची पितळी परात उचलून त्याच्या तोंडावर हाणली. त्याचे दोन दात शेडमध्ये पडले. मग पोलीस आले, चौकशी झाली, आणि पुन्हा कुणी तिच्या वाटेला गेलं नाही. ती रागीट होती आणि ते ती लपवतही नव्हती.

तिचं माहेर उलव्याच्या बाजूला. बापाची भातशेती आणि मिठागराचा तुकडा विमानतळाच्या पट्ट्यात गेला. त्याच्या बदल्यात घरच्यांना भूखंड मिळाला. त्यावर नावं दोन, कमळाबाई आणि तिचा थोरला भाऊ दाजी. भूखंड बिल्डरला द्यायचं दाजीने ठरवलं आणि कमळाबाईने हक्क सोडावा म्हणून तो तिच्यामागे लागला. ती दरवेळी एकच सांगायची, "माजा हिस्सा मनस्वीच्या नावावर कर, मग हवं तिथं सही घे."

दाजीचा मुलगा धनेश. त्याची आई त्याला जन्म देतानाच गेली. तेव्हा कमळाबाईचं लग्न व्हायचं होतं. दीड वर्ष तिनेच त्याला कडेवर वागवलं, शेजारणीचं दूध वाटीने पाजलं. आता तो तिशी ओलांडलेला, गळ्यात जाड साखळी घालणारा, बांधकामांना रेती-खडी पुरवणारा माणूस झाला होता. पुतण्या असला तरी कमळाबाई इतरांशी बोलताना त्याला "माजा पोरगा" म्हणायची.

एप्रिलमधल्या एका रविवारी दाजीने बहिणीला जेवायला बोलावलं. धनेशच्या बायकोने, दिपिकाने, खाडीतल्या निवट्या मच्छीचं कालवण केलं होतं. कमळाबाई पोटभर जेवली. हात धुऊन ओटीवर बसते तोच धनेशने तिच्यापुढे कागद ठेवला.

"आते, इथं सही कर. चार वाजता पार्टी यायची हाय."

कमळाबाई चौथीपर्यंत शिकलेली. तिने बोट ठेवत ठेवत कागद वाचला. दोन पानं वाचायला तिला बराच वेळ लागला.

"यात माजं नाव खाली सहीलाच हाय," ती म्हणाली. "मिळायचं तिथं कुठंच नाय."

"तुला कनाला पायजे?" दाजी म्हणाला. "नवऱ्याचं घर हाय ना तुला?"

"बापाने मना पन जन्म दिलाय."

तिने कागदाचे दोन तुकडे केले, ते एकावर एक ठेवून आणखी दोन केले. दाजी उठला आणि त्याने तिच्या कानशिलात मारली. कमळाबाई भिंतीवर आदळली, पण पडली नाही. तिने समोरचा पाण्याचा तांब्या उचलून भावाच्या कपाळावर मारला. भुवई फुटून दाजीच्या डोळ्यात रक्त उतरलं. तो डोळा धरून खाली बसला.

बापाचं रक्त पाहून धनेशचा तोल गेला. ओटीच्या कोपऱ्यात नारळ सोलायचा कोयता होता. त्याने तो घेतला. दिपिका आतून ओरडत आली, तिला त्याने कोपराने छातीत ढकललं. कमळाबाईला वाटलं, हा घाबरवतोय. मग कोयता वर गेलेला तिला दिसला आणि तिने मान वाचवायला उजवा हात डोक्यावर घेतला. घाव दंडाच्या आतल्या बाजूला, कोपराच्या चार बोटं वर बसला. कोयत्याला धार नव्हती. तो मांस फाडत आत गेला आणि हाडाला लागून थांबला. धनेशने तो ओढून काढला तेव्हा रक्त भिंतीवर उडालं, तिथल्या फोटोच्या काचेवर उडालं, दाजीच्या सदऱ्यावर उडालं.

दुखलं नाही, असं कमळाबाई नंतर सांगायची. खांद्यापासून बोटांपर्यंत विजेचा एक लोळ गेला आणि त्यानंतर हात तिचा राहिलाच नाही. ती भिंतीशी खाली बसली होती, हात मांडीवर पडला होता आणि दुसऱ्या कुणाचा तरी हात आपल्या मांडीवर ठेवलाय असं तिला वाटत होतं.

धनेशने दुसऱ्यांदा कोयता उचलला होता. दिपिका मध्ये शिरली आणि त्याच्या मनगटाला कडकडून चावली. कोयता पडला. तिने आपली ओढणी कमळाबाईच्या दंडाला आवळली, वरून लाकडी पळी घालून पिळली आणि सासऱ्याला म्हणाली, "गाडी काढा. मरेल ती."

गाडी दाजीने चालवली. एक डोळा रक्ताने चिकटलेला, दुसऱ्याने रस्ता बघत. पनवेलच्या हॉस्पिटलपर्यंत तो एकच बोलत होता. "कमळे, पडलीस म्हन. नारळ सोलताना कोयत्यावर पडलीस. पोरगा आत जाईल गं. तूच वाढवलाय त्याला."

कमळाबाईने मान हलवली. शुद्ध जाण्याआधी तिने डॉक्टरला सांगितलंसुद्धा, "पडले मी." हवालदार जबाब घ्यायला आला तेव्हाही तेच सांगितलं. डॉक्टर जखमेकडे बघत होते. "असं पडता येत नाही," ते म्हणाले, पण लिहून घ्यावं लागलं ते तिने सांगितलेलंच.

त्या संध्याकाळी डॉक्टरांनी तुटलेली रक्तवाहिनी जोडली. हात वाचला. पण दंडातून हाताकडे जाणारे दोन मोठे मज्जातंतू तुटले होते. "रक्ताची नस वेगळी आणि ही वेगळी," त्यांनी मनस्वीला समजावलं. "हिच्यातून मेंदूचा हुकूम हाताला जातो आणि हाताला लागलेलं मेंदूला कळतं. बोथट हत्याराने टोकं ठेचलीत. तीन आठवड्यांनी पायातली एक नस काढून मध्ये जोडू. मग ती वरून खाली वाढत येईल, दिवसाला एक मिलिमीटर. पंजापर्यंत यायला वर्षाहून जास्त लागेल. त्यांचं वय बघता सगळं परत येईल असं सांगत नाही."

तेवीस वर्षांच्या मनस्वीने डोक्यात महिन्यांचा हिशेब केला आणि आईकडे बघायचं टाळलं.

चौथ्या दिवशी सकाळी मनस्वी आंघोळीला घरी गेली. दाजी दिपिकाबरोबर शहाळं घेऊन आला. कपाळाला त्याच्याही पट्टी होती. तो बहिणीच्या पलंगाशी बसला, तिचा उजवा पंजा त्याने आपल्या दोन्ही हातांत घेतला. भाऊ हात धरतोय हे कमळाबाईला दिसत होतं, लागत मात्र काहीच नव्हतं. तरी तिला बरं वाटलं. नर्सने दुखण्याचं इंजेक्शन दिलं आणि तिचे डोळे मिटले.

मनस्वी परत आली तेव्हा मामा गेला होता. आईच्या उजव्या अंगठ्याला जांभळं काहीतरी लागलं होतं. औषध असेल म्हणून तिने ओल्या कापसाने पुसलं. कापूस जांभळा झाला. मग तिला तो शाईचा रंग असल्याचं कळलं.

"तुमच्या मामांनी विम्याचा कागद आहे म्हणून सांगितलं," नर्स म्हणाली. "त्यांची सून दारात उभी राहून रडत होती. मला वाटलं, पेशंटसाठी रडतेय."

कमळाबाई जागी झाल्यावर मनस्वीने तिला अंगठा दाखवला. कमळाबाई बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. डाव्या हाताला सलाईन होतं आणि डाव्या हाताला कळलंही असतं. म्हणून दाजीने मेलेला हात निवडला.

"मना सही येते," ती म्हणाली. "अंगठा कनाला लावीन मी?"

मग ती म्हणाली, "कोयता मारला तो रागात मारला, असं मी धरलं होतं. ह्याने शांत बसून केलं. माजा हात हातात घेऊन केलं. हवालदाराला बोलव."

तिने नवा जबाब दिला. धनेशला पोलिसांनी त्याच संध्याकाळी उचललं, दाजीला दुसऱ्या दिवशी. दाजी आठवड्याने जामिनावर सुटला, धनेश आत राहिला.

तीन आठवड्यांनी दुसरी शस्त्रक्रिया झाली. डाव्या पोटरीतली नस काढून दंडात जोडली. शुद्धीवर आल्यावर कमळाबाईला कळलं की आता डाव्या पावलाची बाहेरची कडही बधिर झाली आहे. चालताना त्या कडेला काही टोचलं तरी समजायचं नाही. एकदा चप्पल तुटून ती बाजारातून अनवाणी घरी आली आणि त्या कडेत काचेचा तुकडा होता. जमिनीवर रक्ताचे ठसे बघून मनस्वीने विचारलं तेव्हा तिला पत्ता लागला.

"हाताला जगवायला पाय मारला," ती म्हणाली.

रुचिरा नावाची फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदा घरी यायची. ती कमळाबाईच्या दंडावर बोटाने टकटक करत खाली सरकायची. एका ठिकाणी टकटक झाली की पंजात विजेसारखी कळ जायची. तिथपर्यंत नस वाढली, असा त्याचा अर्थ. रुचिरा तिथे पेनाने खूण करायची. दर महिन्याला खूण तीन सेंटीमीटर खाली यायची. मनगट वर उचलता येत होतं, पण बोटं आत वळून आकड्यासारखी झाली होती. अंगठ्याखालचं मांस सुकत चाललं होतं. भाकरी थापायचा प्रयत्न कमळाबाईने एकदा केला. पीठ परातीत नुसतं फासलं गेलं. तिने परात भिंतीवर भिरकावली आणि त्या दिवशी खानावळ बंद ठेवली.

मग भाकऱ्या मनस्वी थापू लागली.

जुलैत धनेशला जामीन मिळाला. पनवेल तालुक्यात पाऊल टाकायचं नाही अशी अट होती. पाचव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला तो रोडपालीत आला. शेडमध्ये अजून गिऱ्हाईक नव्हतं. शेगडीवर मोठ्या पितळी टोपात भातासाठी पाणी उकळत होतं. मनस्वी पाटावर बसून मच्छी साफ करत होती.

धनेश आत आला आणि त्याने दाराला कडी घातली.

"केस मागं घे, आते."

"बाहेर जा, धनेश."

"माजी बायको पन तुज्या बाजूने जबाब देनार म्हनते. घर मोडलंस तू माजं."

"तुजं घर तुज्या कोयत्याने मोडलं."

त्याने मनस्वीचे केस धरले आणि तिला उभं केलं. तिच्या हातातली सुरी त्याने पिरगाळून घेतली आणि तिच्याच गळ्याला लावली. "हिच्या नावावर पायजे ना तुला? हिलाच ठेवत नाय." मनस्वीच्या गळ्यावर रक्ताची बारीक रेघ उमटली. तिने त्याच्या पायावर टाच मारली, त्याने तिचं डोकं भिंतीवर आपटलं. ती त्याच्या हातातून निसटून दोन हात पलीकडे कोसळली.

कमळाबाईच्या डाव्या हाताशी काहीच नव्हतं. समोर टोप होता. तिने आपला उजवा हात, तो सुकलेला, वाकड्या बोटांचा हात, उकळत्या टोपाच्या कुशीला लावला आणि सगळ्या अंगाचा भार देऊन टोप धनेशवर ढकलला. माणसाचा तळवा त्या पितळेवर क्षणभर टिकला नसता. तिचा टिकला. तळव्याची कातडी टोपाला चिकटून सोलून निघाली आणि जळक्या मांसाचा वास आला, तो आपलाच आहे हे तिला नंतर कळलं.

पाणी धनेशच्या कमरेपासून खाली गेलं. तो जनावरासारखा ओरडला. पँट मांड्यांना चिकटली होती आणि तो ती ओढत होता, पँटबरोबर कातडी येत होती. सुरी कुठे पडली ते त्यालाही कळलं नाही. तो जमिनीवर लोळत "आते, आते" म्हणत राहिला. शेजाऱ्यांनी दार तोडलं तेव्हा कमळाबाई मुलीवर ओणवी होऊन बसली होती आणि पुतण्याच्या अंगावर डाव्या हाताने गार पाण्याचे तांबे ओतत होती.

"तसं का केलंत?" रुचिराने तिला नंतर विचारलं होतं.

"पोरगं जळत होतं," कमळाबाई म्हणाली.

मनस्वीच्या डोक्याला अकरा टाके पडले. धनेशचा जामीन रद्द झाला, दोन महिने तो पोलीस पहाऱ्यात हॉस्पिटलमध्ये होता. कमळाबाईच्या तळव्याची जखम भरायला चार महिने लागले. दुखत नसल्यामुळे ती जखमेला जपायची नाही, आणि ती पुन्हा पुन्हा उघडायची.

दुखायला लागलं ते पुढच्या वर्षी. पेनाची खूण मनगटाजवळ आली आणि हात जागा व्हायला लागला. आधी मुंग्या, मग आग. पंख्याचा वारा लागला तरी कुणी तापलेली तार बोटातून ओढतंय असं व्हायचं. पदर हाताला घासला की ती जबडा आवळून बसायची. एकदा वैतागून तिने मनस्वीला सांगितलं, "कापून टाक हा." रुचिराने समजावलं, औषध वाढवून घेतलं, तांदळाच्या डब्यात हात घालून रोज फिरवायला लावलं. तांदळाचा एकेक दाणा सुईसारखा टोचायचा. कमळाबाई शिव्या देत हात फिरवायची, धनेशला, दाजीला, रुचिरालाही. सोळाव्या महिन्यात डोळे मिटून बसलेल्या कमळाबाईच्या अंगठ्याला रुचिराने कापूस लावला.

"कुठे लागलं?"

"अंगठा," कमळाबाई म्हणाली. मग तिला हुंदका आला. आजारपणात ती रडली ती एवढीच.

खटला दुसऱ्या वर्षी उभा राहिला. दाजीचा वकील म्हणाला, बाईंनी स्वखुशीने अंगठा दिला. सरकारी वकिलांनी हॉस्पिटलचे कागद पुढे ठेवले. अंगठा घेतला त्या वेळी बाईंना गुंगीचं इंजेक्शन दिलेलं होतं आणि तो पंजा पूर्ण बधिर होता. मग दिपिका उभी राहिली. ती तोवर घर सोडून माहेरी ओव्याला राहत होती. साक्ष देऊ नये म्हणून तिच्या भावाला कुणीतरी रस्त्यात गाठून बडवलं होतं. तरी ती आली.

"शाईचं पॅड माझ्या पर्समध्ये होतं," ती म्हणाली. "सासऱ्यांनी ठेवायला दिलं होतं. मी हॉस्पिटलमध्ये ते काढून दिलं. मी नाही म्हणायला पाहिजे होतं."

दाजीच्या वकिलाने तिला विचारलं, "नवऱ्यावर सूड घेताय का?"

"त्याने मला सहा वर्षं मारलं. त्याबद्दल मी इथे काही बोललेले नाही. विचाराल तर बोलेन."

वकील खाली बसला.

कमळाबाईला कोयता दाखवला, ओळखायला सांगितलं. तिने ओळखला. कोणी मारला, असं विचारल्यावर तिने आरोपीच्या पिंजऱ्याकडे बघितलं. धनेश काठी टेकून उभा होता. मांड्यांची कातडी आखडल्याने त्याला सरळ उभं राहता येत नव्हतं.

"त्याने," ती म्हणाली. "धनेशने. माज्या पोराने."

धनेशला दहा वर्षं झाली, दाजीला तीन. संमतीचा कागद रद्द ठरला. निकालानंतर बाहेर आवारात दाजी पोलिसांच्या मध्ये चालत तिच्याजवळून गेला. तो थांबला. तो तिच्या हाताकडे बघत राहिला आणि हवालदाराने त्याला पुढे नेलं.

भूखंडाचा तिचा हिस्सा मनस्वीच्या नावावर चढायला आणखी आठ महिने गेले. त्या कागदावर कमळाबाईने डाव्या हाताने सही केली. तीन महिने पाटीवर गिरवून ती शिकली होती.

दिपिका आता खानावळीत असते. ओव्याच्या घरात भावजयीशी जमेना, म्हणून कमळाबाईनेच तिला बोलावून घेतलं. पहिले काही दिवस दोघी फारशा बोलत नव्हत्या. एके दुपारी गिऱ्हाईक संपल्यावर दिपिका म्हणाली, "आते, पॅड मी दिलं होतं. तुमी मना कदी विचारलं नाय."

कमळाबाई तांदळाच्या डब्यात हात फिरवत होती. "वढणी पन तूच बांधली होतीस," ती म्हणाली. "जेवून घे. कालवण गार होतंय."